मिळकतकराला कमाई दिसत नाही

चिखलीतल्या म्हेत्रे वस्तीत, मोरे वस्तीत किंवा जाधववाडीत घर आणि धंदा यांच्यात अनेकदा एकच भिंत असते. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, जिन्याखाली इस्त्रीचे टेबल, मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एखादे लेथ. चाकण आणि भोसरीच्या कंपन्यांची जॉबवर्कची कामे इथल्या छोट्या वर्कशॉपपर्यंत झिरपत येतात. ऑर्डर मिळाली तर महिना बरा जातो, नाही मिळाली तर उधारीवर निघतो. या कमाईला पगाराची स्लिप नसते. पिंपरी-चिंचवड महापालिकेचे मिळकतकराचे बिल मात्र दरवर्षी येते, आणि ते घरातल्या कमाईचा विचार करत नाही.

याचे कारण कायद्यातच आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 प्रमाणे हा कर मिळकतीच्या करयोग्य मूल्यावर बसतो. ती जागा वर्षभर भाड्याने दिली तर किती भाडे मिळेल, याचा अंदाज काढायचा, त्यातून दुरुस्तीसाठी 10 टक्के वजा करायचे, की करयोग्य मूल्य निघते. क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार आणि वापर यांवर आकडा ठरतो. मालक कंपनीत कायम नोकरीला आहे की रिक्षा चालवून घर भागवतो, याचा रकाना त्या हिशेबात नाही.

इंग्लंडमध्ये स्थानिक करासाठी असा रकाना आहे. तिथे एप्रिल 2013 पासून प्रत्येक कौन्सिल कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी कौन्सिल टॅक्समधल्या सवलतीची स्वतःची योजना चालवते. स्वयंरोजगार करणाऱ्याला धंद्याची जमा आणि खर्च दाखवून अर्ज करता येतो. तिथेही अडचणी आहेत: धंदा सुरू होऊन काही काळ लोटला, की अनेक कौन्सिल प्रत्यक्ष कमाई कमी असली तरी ठराविक किमान कमाई गृहीत धरतात. पण ‘माझी कमाई कमी आहे’ एवढे कारण घेऊन कचेरीत जाण्याची सोय तरी आहे.

आपल्याकडे सवलती आहेत, पण त्या मिळकत कोणाच्या नावावर आहे आणि कर कोणत्या तारखेला भरला, यांवर मिळतात. पिंपरी-चिंचवडमध्ये अलीकडच्या वर्षांत महिलेच्या नावे असलेल्या, तिच्या स्वतःच्या राहत्या एका घराला सामान्य करात 30 टक्के सवलत दिली गेली आहे. दिव्यांग आणि माजी सैनिकांसाठी वेगळी सवलत आहे. 30 जूनपूर्वी वर्षाचा पूर्ण कर भरणाऱ्याला आणि ऑनलाइन भरणाऱ्यालाही काही टक्के सूट मिळते.

यात दोन गोष्टी नीट समजून घ्यायला हव्यात. ही टक्केवारी बहुतेक वेळा सामान्य करावर असते, संपूर्ण बिलावर नाही. बिलात सामान्य कराशिवाय वृक्षकर, शिक्षणकर, अग्निशमन कर अशा इतर रकमाही असतात आणि त्या तशाच राहतात. दुसरे म्हणजे, जूनच्या आत पूर्ण रक्कम उभी करणे ज्याला जमते त्यालाच लवकर भरण्याची सूट मिळते. हातावर पोट असलेल्या माणसाला नेमके तेच जड जाते. त्याच्यासाठी कायद्यातली दुसरी सोय उपयोगाची आहे. मिळकतकर 1 एप्रिल आणि 1 ऑक्टोबर अशा दोन सहामाहींचा असतो, त्यामुळे तो दोन भागांत भरता येतो.

थकबाकी मात्र परवडणारी नाही. मुदतीत न भरलेल्या रकमेवर दरमहा 2 टक्के शास्ती लागते. 6,000 रुपये थकले तर महिन्याला 120 रुपये, म्हणजे वर्षाला 1,440 रुपये वाढतात. वर्षाला 24 टक्क्यांचा हा भार धंद्यासाठी काढलेल्या अनेक कर्जांपेक्षा महाग आहे. म्हणून हात तंग असला तरी निदान एका सहामाहीची रक्कम आधी भरून टाकणे हिताचे.

छोट्या धंदेवाल्याचा सर्वांत मोठा फायदा किंवा तोटा दडलेला असतो तो ‘वापर’ या नोंदीत. महापालिका मिळकती निवासी, बिगरनिवासी, औद्योगिक, मिश्र अशा प्रकारांत नोंदवते. बिगरनिवासी जागेचा दर निवासी जागेपेक्षा जास्त असतो, शिवाय तिच्यावर राज्य सरकारचा रोजगार हमी कर लागतो. घराच्या एका खोलीत पार्लर किंवा पिठाची गिरणी असेल, तर तेवढेच क्षेत्र बिगरनिवासी नोंदले आहे का, हे बिलावर तपासायला हवे. धंदा बंद करून ती खोली पुन्हा राहण्यासाठी वापरली जात असेल, तर वापरबदलाचा लेखी अर्ज द्यावा लागतो. अर्ज दिला नाही तर जुनी नोंद वर्षानुवर्षे चालू राहते. गाळा रिकामा पडला असेल, तर तेही लेखी कळवावे. रिकाम्या काळासाठी काही कर परत मिळण्याची तरतूद कायद्यात आहे, पण ती आधी कळवणाऱ्यालाच लागू होते.

नवी आकारणी झाली किंवा करयोग्य मूल्य वाढवले, तर महापालिकेने विशेष नोटीस द्यायची असते. तिच्यावर तक्रार करायला मुदत असते ती 15 दिवसांची. अनेक माणसे ही नोटीस बिलासोबत फडताळात ठेवून देतात आणि वाढीव बिल आल्यावर जागी होतात, तोवर मुदत निघून गेलेली असते. तक्रारीचा निकाल मान्य नसेल तर न्यायालयात अपील करता येते, पण त्याआधी वादातली रक्कम भरावी लागते. त्यामुळे गरीब माणसाची खरी लढाई त्या पहिल्या 15 दिवसांतच असते.

भाडेकरूंनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कर भरण्याची पहिली जबाबदारी मालकाची आहे. मालकाने तो थकवला आणि वसुली भाडेकरूकडून झाली, तर भरलेली रक्कम भाड्यातून वळती करून घेण्याचा हक्क भाडेकरूला आहे.

चिखलीच्या इतिहासात या प्रश्नाचा एक मोठा धडा आहे. 1997 मध्ये चिखली महापालिकेच्या हद्दीत आली. उद्योगनगरीत पोट भरायला आलेल्या कुटुंबांनी एक-दोन गुंठे जागा घेऊन घरे बांधली. त्यांतली कित्येक बांधकामे परवानगीविना होती. 2008 पासून अशा अवैध बांधकामांवर मूळ कराच्या दुप्पट शास्तीकर लावण्याची तरतूद झाली. मूळ कर भरण्याची तयारी असलेले मालकही एकूण आकड्यापुढे हरले आणि त्यांनी काहीच भरले नाही. पुढे आधी 600 आणि नंतर 1,000 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना टप्प्याटप्प्याने सूट मिळाली. वर्षानुवर्षांची आंदोलने आणि निवेदने यांनंतर मार्च 2023 च्या शासन निर्णयाने शहरातला शास्तीकर माफ झाला. त्यासाठी मूळ कर भरण्याची अट होती.

त्या माफीने बांधकाम मात्र नियमित झाले नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये चिखलीच्याच कुदळवाडीत महापालिकेने भंगाराची गोदामे, शेड आणि लहान कारखाने मोठ्या प्रमाणावर पाडले. कर भरल्याची पावती बांधकामाला संरक्षण देत नाही, हे तिथल्या धंदेवाल्यांना फार मोठी किंमत मोजून कळले. मिळकतकर भरल्याने परवानगी मिळत नाही आणि मालकीही सिद्ध होत नाही. जागा घेताना किंवा शेड उभारताना ही बाब आधी तपासायलाच हवी.

शास्तीकराच्या त्या अनुभवाने एक गोष्ट दाखवून दिली. सामान्य माणसाला न पेलणारा कर वसूल होत नाही, तो फक्त थकबाकीच्या रजिस्टरात फुगत राहतो. सरकारने ठरवले तर लहान घराला वेगळी वागणूक देता येते, हे मुंबईतही दिसले. तिथे 1 जानेवारी 2022 पासून 500 चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना मालमत्ताकरातून सूट मिळाली. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराची 40 टक्के सवलत काढून घेतल्यावर नागरिकांनी ओरड केली आणि 2023 मध्ये ती परत आली. या दोन्ही सवलती क्षेत्रफळ आणि वापर पाहतात, कमाई पाहत नाहीत. तरी छोट्या घरांतच छोटी कमाई बहुधा राहते, म्हणून त्यांचा लाभ योग्य दारी पोहोचतो. पिंपरी-चिंचवडमधल्या छोट्या घरांनीही अशीच सवलत मागणे अगदी रास्त आहे.

तोवर आहे त्या सवलती तरी प्रत्येक घरी पोहोचायला हव्यात. त्यासाठी महापालिकेकडे तयार व्यवस्था आहे. 2023 पासून ‘सिद्धी’ प्रकल्पातून बचत गटांच्या महिला मिळकतकराची बिले घरोघरी वाटतात. बिलासोबत महिलांच्या आणि दिव्यांगांच्या सवलतीचा अर्ज, वापरबदलाचा नमुना आणि तक्रारीची मुदत ठळक लिहिलेला एक कागद त्यांच्या हाती दिला, तर करसंकलन कार्यालयात खेटे न घालता चिखलीतल्या शिंप्याला, वेल्डरला आणि पोळी-भाजीचे डबे देणाऱ्या बाईला आपले बिल तपासता येईल.