खेळण्याच्या यंत्रात मोल्सवर्थ

हातात धरून खेळायच्या यंत्राची कल्पना रेल्वेच्या डब्यात सुचली, असे सांगतात. निन्टेन्डो कंपनीतल्या गुनपेई योकोई यांना जपानच्या शिंकान्सेन गाडीत एक कंटाळलेला प्रवासी दिसला. तो वेळ जावा म्हणून कॅल्क्युलेटरची बटणे दाबत बसला होता. त्यातून १९८० साली ‘गेम अँड वॉच’ ही खिशात मावणारी खेळमालिका निघाली. पुढे १९८२ साली त्याच मालिकेतल्या ‘डाँकी काँग’वर योकोई यांनी अधिकच्या चिन्हासारखे बटण बसवले. अंगठा एकाच जागी ठेवून वर, खाली, डावीकडे, उजवीकडे जायची सोय झाली. गेली चाळीस वर्षे हे फुलीचे बटण जवळजवळ प्रत्येक हातयंत्रावर आहे. मराठी वर्णमाला त्यावर इतकी नेमकी बसते की शब्दकोशासाठी याहून योग्य बटण मला तरी माहीत नाही.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात राहणारे आम्ही काही जण या बटणासाठी मराठी शब्दकोश बांधतो आहोत. इंटरनेट नको, सिमकार्ड नको, खाते उघडायला नको. यंत्र चालू केले की कोश उघडला पाहिजे. फोनवर कोश असतातच, हे खरे. पण फोनवर शब्द शोधायला गेलेला मुलगा शब्दापर्यंत पोचण्याआधी तीन जाहिराती आणि दोन निरोप पाहतो, आणि शब्द राहूनच जातो. बदलापूरहून मुंबईला जाणाऱ्या लोकलमध्ये दीड तास हाताशी असतो. त्या वेळात वाचणाऱ्याच्या मधे कोणी येऊ नये, एवढ्यासाठी हे बिननेटचे यंत्र आम्हांला हवे आहे.

यंत्र साधेच आहे. मियू मिनी हे चिनी हातयंत्र २०२१ साली आले. पडदा २.८ इंचांचा, ६४० गुणिले ४८० ठिपक्यांचा, स्मरणशक्ती १२८ मेगाबाइट, आत लिनक्स. जुने खेळ खेळण्यासाठी लोक ते घेतात. मायक्रो एसडी कार्डावर आपला फोल्डर ठेवला, त्यात नाव-चित्राची एक छोटी फाइल आणि कार्यक्रम सुरू करणारी दुसरी फाइल टाकली की यादीत आपला कोश दिसू लागतो. बटणाखालची रबरी पट्टी झिजली किंवा बॅटरी फुगली तर उल्हासनगरच्या कॅम्पात दुरुस्तीचे गाळे आहेत. तिथले कारागीर असली यंत्रे खोलायला कचरत नाहीत. यंत्राबद्दल एवढे पुरे.

खरी गंमत अक्षरपाटीत आहे. मराठीची व्यंजने चौतीस. क, च, ट, त, प हे पाच वर्ग, प्रत्येकात पाच अक्षरे, म्हणजे पाच ओळी आणि पाच रकाने. खाली य, र, ल, व, श ही सहावी ओळ. त्याखाली ष, स, ह, ळ. सातव्या ओळीत एक घर उरते, तिथे हलन्त बसतो, म्हणजे अक्षर जोडण्याची खूण. पाच रकाने, सात ओळी, पस्तीस घरे, एकही रिकामे नाही. कंठापासून ओठांपर्यंतचा जो क्रम पूर्वसूरींनी उच्चारावरून लावून ठेवला, तो इथे आयता नकाशा झाला. पहिलीतले मूलसुद्धा डोळे मिटून सांगते की ‘ध’ हा ‘द’च्या उजवीकडे असणार. इंग्रजी टंकफलकावर अक्षर कुठे आहे हे पाठ करावे लागते. इथे ते लहानपणीच पाठ झालेले असते.

मात्रांसाठी वरच्या कडेची दोन बटणे आहेत. उजवे दाबले की बाराखडी पुढे सरकते, डावे दाबले की मागे. आधी व्यंजन निवडलेले नसेल तर त्याच बटणाने अ, आ, इ, ई फिरतात. ‘कोश’ लिहायचे असे समजा. ‘क’ घ्यायचा, उजव्या बटणाने ‘को’वर जायचे, मग ‘श’. ‘क’ वरच्या डाव्या कोपऱ्यात आणि ‘श’ खाली उजवीकडे, म्हणजे अंतर लांब वाटते. पण पाटीच्या कडा एकमेकींना जोडलेल्या आहेत. डावीकडे एकदा आणि वर दोनदा दाबले की ‘श’ हाती येतो. बहुतेक वेळा तिथवर जावेही लागत नाही, कारण ‘को’पासूनच जुळणारे शब्द खाली दिसू लागतात.

जपानी लोकांनी हातयंत्रात कोश फार आधी आणला. २००६ साली निन्टेन्डोनेच आपल्या ‘डीएस’ यंत्रासाठी एक शब्दकोश काढला. त्यात कांजी चिन्ह काडीने पडद्यावर लिहायचे आणि यंत्राने ते ओळखायचे. हजारो चिन्हे फुलीच्या बटणाने निवडणे शक्यच नव्हते, म्हणून त्यांना काडी लागली. आपल्याला ती लागत नाही.

कोश कोणता घ्यायचा, यावर आमच्यात वाद झाला नाही. जेम्स थॉमस मोल्सवर्थ हा ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला अधिकारी. जॉर्ज आणि थॉमस कँडी हे जुळे भाऊ आणि मराठी शास्त्रीमंडळी यांच्या साह्याने त्याने मराठी-इंग्रजी कोश तयार केला. पहिली आवृत्ती १८३१ ची. वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली मुंबईत छापली गेली, तीत सुमारे साठ हजार शब्द आहेत. लोक त्याला मोलेसरशास्त्री म्हणत. पुण्याच्या शुभदा-सारस्वतने १९७५ साली हा कोश पुन्हा छापला. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या प्रकल्पामुळे तो संगणकावरही शोधता येऊ लागला. तरी संगणकातल्या मजकुरात शंका आली की छापील पान समोर लागते. ग्रंथसखा हे वाचनालय श्याम जोशी यांनी बदलापुरात उभारले, आणि जुने मराठी ग्रंथ जपण्याचा ध्यास या गावाला तेव्हापासून माहीत आहे. जुना कोश नव्या यंत्रात घालावा असे इथल्या माणसांना वाटते, त्यात म्हणूनच मला नवल वाटत नाही.

साठ हजार शब्दांत एक शोधणे यंत्राला जड नाही. यादी क्रमाने लावलेली असली की मधला शब्द बघायचा, आपला त्याच्या आधी की नंतर ते ठरवायचे, अर्धी यादी सोडून द्यायची. असे जास्तीत जास्त सोळा वेळा केले की शब्द सापडतो. अवघड आहे ते ‘क्रमाने लावलेली’ एवढेच. संगणकात प्रत्येक अक्षराला युनिकोडचा क्रमांक आहे, आणि तो आपल्या कोशाच्या चालीशी बराचसा जुळतो. ‘कप’ ‘का’च्या आधी येतो, आणि ‘क्रम’सारखी जोडाक्षरे ‘कौ’च्याही नंतर. पण ‘ळ’ला ‘ल’ आणि ‘व’च्या मधे बसवले आहे. आपण तो ‘ह’नंतर म्हणतो. ‘ॲ’ तर युनिकोडमध्ये २००८ साली आला. त्याला शेवटाकडची जागा मिळाली, त्यामुळे नुसत्या क्रमांकांवर विसंबले तर ॲ ने सुरू होणारे सगळे शब्द ‘ह’च्याही पलीकडे कोशाच्या टोकाला जाऊन पडतात. म्हणून प्रत्येक अक्षराला आम्ही आपला वेगळा अनुक्रम दिला.

त्याहून मोठी अडचण लेखनाची. १९६२ साली शुद्धलेखनाचे नियम बदलले आणि अनुच्चारित अनुस्वार गेले. जुन्या ग्रंथांत ‘कांहीं’ आणि ‘नाहीं’ असते. आजचे मूल ‘काही’ शोधते, आणि जुन्या लेखनाच्या कोशात ते सापडत नाही. यावर उपाय असा केला की प्रत्येक शब्दाच्या दोन नोंदी ठेवल्या. एक जशीच्या तशी, दुसरी अनुस्वार काढून आणि ऱ्हस्व-दीर्घ एक करून. शोध आधी पहिलीत होतो, मग दुसरीत. दुसऱ्या नोंदीत ‘दिन’ आणि ‘दीन’ एकत्र येतात, म्हणून दोन्ही दाखवायचे आणि जो हुबेहूब जुळतो तो वर ठेवायचा. वेलांटी कोणती, या धास्तीने ज्यांनी कोश उघडायचेच सोडले, त्यांना ही सोय मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. शब्द नीट लिहिता येत नाही म्हणूनच तर माणूस कोशाकडे येतो. त्याला दारातून परत पाठवणारा कोश काय कामाचा?

शेजारची सहावीतली मुलगी यंत्र घेऊन बसली होती. ती म्हणाली, “काका, पाणी आहे यात, पण पाण्यात नाही.” तिचे बरोबर होते. मराठी शब्द वाक्यात आला की रूप बदलतो, आणि कोशात मात्र मूळ रूपच असते. मग शेवटचा प्रत्यय काढायचा आणि उरलेल्या सामान्यरूपावरून मूळ शोधायचा, असे नियम घातले. ‘पाण्यात’मधला ‘त’ गेला, ‘पाण्या’ उरले, ‘्या’च्या जागी ‘ी’ ठेवली की ‘पाणी’. ‘दह्यात’लाही हाच नियम लागतो. ‘तळ्यात’ला मात्र तो ‘तळी’कडे नेतो, आणि मूळ असते ‘तळे’. ‘भावाला’ म्हणजे भाऊ की बाजारभाव, हे यंत्राला कळणार नाही आणि त्याने कळल्याचा आव आणू नये. ते दोन्ही दाखवते, निवड वाचणाऱ्याची. ‘मुलीला’वरून ‘मुलगी’कडे कोणताच नियम नेत नाही. अशा शब्दांची यादी हातानेच करावी लागते, आणि ती अजून वाढते आहे.

अक्षरे पडद्यावर काढणे हेही काम आहेच. ‘स्त्री’ हे आपल्याला एक अक्षर दिसते. यंत्राकडे ती सहा खुणांची ओळ असते आणि अठरा बाइट जागा घेते. त्या खुणा जोडून, पहिली वेलांटी उचलून व्यंजनाच्या आधी नेऊन ठेवण्याचे काम हार्फबझ हा मुक्त कार्यक्रम करतो. तो नसला की पाय मोडलेली अक्षरे दिसतात आणि वेलांट्या चुकीच्या बाजूला लटकतात. खेळांच्या यंत्रांत तो बहुधा नसतोच, आम्ही तो सोबत बांधून देतो. टंक म्हणून मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने मुक्त परवान्याने दिलेला ‘मुक्त’ घेतला. लहान पडद्यावरही त्याची जोडाक्षरे चिकटत नाहीत.

कोश मराठीपुरता ठेवून या पट्ट्यात चालणार नाही. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी कुटुंबे आली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वस्तीचे उल्हासनगर झाले. सिंधी १९६७ पासून घटनेच्या आठव्या परिशिष्टात आहे. ती अरबी वळणाच्या लिपीत लिहितात, तशीच देवनागरीतही. अरबी वळणाची लिपी न वाचता येणारी, पण घरी सिंधी बोलणारी मुले कॅम्पात पुष्कळ आहेत.

सिंधीला देवनागरीत चार जास्तीची अक्षरे लागतात: ॻ, ॼ, ॾ, ॿ. श्वास आत ओढून उच्चारायचे हे ध्वनी. त्यांच्यासाठी नवी पाटी करावी लागेल असे वाटले होते, पण नीट पाहिल्यावर ती लागली नाही. ग, ज, ड, ब ही चारही अक्षरे आपल्या पाटीत तिसऱ्याच रकान्यात आहेत. त्या घरावर बटण जरा जास्त वेळ दाबून धरले की सिंधी अक्षर येते. अनुक्रमात त्यांनाही ‘ॲ’सारखेच शेवटून उचलून आपापल्या जागी आणून बसवले.

मजकुराचे काम मात्र उभेच आहे. कॅप्टन जॉर्ज स्टॅक याचा सिंधी-इंग्रजी कोश १८५५ साली मुंबईत छापला गेला, मोल्सवर्थच्या दुसऱ्या आवृत्तीच्या दोन वर्षे आधी, आणि त्यातले सिंधी शब्द देवनागरीत आहेत. तो पानापानाने टंकून घ्यायचा आहे. टंकणाऱ्याला देवनागरी यावी, आणि शेजारी बसून शब्द तपासणाऱ्याने सिंधी घरात ऐकत मोठे झालेले असावे. कॅम्पातल्या आजी-आजोबांपैकी ज्यांना हे करावेसे वाटेल, त्यांच्याकडे यंत्र आणि कोशाची पाने घेऊन आम्ही जाणार आहोत. सुरुवात ॻ पासून.