‘मार्जिन किती?’ एक शब्द, तीन अर्थ



समजा, जिंतूर तालुक्यातल्या तुमच्या गावात डाळमिल टाकायची ठरवलीय. 10 लाखांचा प्रकल्प अहवाल घेऊन तुम्ही बँकेत गेलात. साहेबांनी विचारलं, “मार्जिन किती?” तुम्ही म्हणालात, “किलोमागं पाच-सहा रुपये सुटतात.” साहेब विचारत होते, तुमच्या खिशातले किती! हिशोब बरोबर होता, शब्दाचा अर्थ चुकला. समोरच्याला मात्र वाटतं, यांची तयारीच नाही.

शाळेच्या वहीत डाव्या बाजूला रेघ मारून मार्जिन सोडायचो ना? मूळ अर्थ तोच, कडेची जागा. धंद्यात मात्र त्याचे तीन अर्थ होतात.

1. दुकानात: खर्च वजा जाता उरतो तो नफा.

2. बँकेत: प्रकल्पात तुमचा स्वतःचा हिस्सा. पीएमईजीपी योजनेत सर्वसाधारण गटाला 10 टक्के. महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी अशा विशेष गटांना 5 टक्के. म्हणजे 10 लाखांवर 1 लाख किंवा 50 हजार.

3. ‘मार्जिन मनी’: याच योजनेतलं सरकारी अनुदान. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला 25 टक्के, विशेष गटांना 35 टक्के. पण ही रक्कम हातात येत नाही! ती बँकेतच तुमच्या नावानं 3 वर्षं ठेव म्हणून राहते. युनिट चालू असल्याची पडताळणी झाली की कर्जात वळती होते. “अनुदान आलं की मशीनचं बिल भागवू” असं गणित मांडणारा इथंच अडकतो.

म्हणून इंग्रजी शब्द नुसते पाठ करू नका. प्रत्येक शब्दाला विचारा: इथं पैसा कुणाचा, आणि जातो कुठं?

कोलॅटरल: तारण. कर्ज थकलं तर बँक विकू शकते ती मालमत्ता. मुद्रा कर्जाला ते लागत नाही.

हायपोथिकेशन: मशीन तुमच्या ताब्यात, पण त्यावर बोजा बँकेचा. परस्पर विकता येत नाही.

मोरेटोरियम: सुरुवातीला हप्त्यांना मिळालेली सवड. हप्ता थांबतो, व्याज चालूच राहतं.

आजचा गृहपाठ: वहीत तीन रकाने आखा. शब्द, मराठी अर्थ, माझ्या धंद्यातलं उदाहरण. आठवड्याला पाच शब्द पुरे. उदाहरण तुमच्याच आकड्यांचं लिहा, मग शब्द विसरत नाही.

आणि बँकेत एखादा शब्द अडला, तर बिनधास्त म्हणा, “साहेब, जरा मराठीत सांगा.” सहीच्या आधी विचारायला पैसे पडत नाहीत. सहीनंतर पडतात!