आर्केड मशिनची कडेची पट्टी सारखी निघतेय? गोंद लावण्याआधी खाच तपासा!

१९७८ चं 'स्पेस इनव्हेडर्स', १९८० चं 'पॅक-मॅन', १९८१ चं 'डाँकी काँग'. नाणं टाकून उभ्यानं खेळायच्या या मशिन्सना आज जगभरातले हौशी लोक पुन्हा उभं करत आहेत. पण जुनं मशिन घरी आणलं की अनेकदा पहिली तक्रार स्क्रीनची नसते. लाकडी पेटीच्या कडेची प्लास्टिक पट्टी लोंबत असते. गोंद लावून ती दाबली, तरी आठवड्याभरात पुन्हा बाहेर! असं का होतं?

ही पट्टी नेमकी असते काय?
तिला 'टी-मोल्डिंग' म्हणतात. आडवी कापून पाहिली तर ती इंग्रजी 'टी' अक्षरासारखी दिसते. वरचा सपाट भाग बोर्डाची कड झाकतो. मधला दांडा बोर्डात कापलेल्या बारीक खाचेत घुसतो. दांड्याला तिरके दाते असतात. ते आत जाताना दबतात आणि बाहेर येताना अडकतात. म्हणजे मुळात ही पट्टी गोंदाशिवाय टिकावी, अशीच तिची रचना आहे.

मग ती सैल का होते?
बऱ्याचदा दोष पट्टीत नसतो, खाचेत असतो. अनेक पेट्या पार्टिकल बोर्डाच्या, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या आहेत. त्यात ओल शिरली की बोर्ड फुगतो आणि खाचेच्या भिंती भुरभुरतात. दात्यांना धरायला काही उरत नाही. शिवाय जुनं प्लास्टिक आकसतं आणि कडकही होतं.

दुर्लक्ष केलं तर?
पट्टी ही फक्त शोभेची नाही. उघड्या कडेतून ओल आत जाते, कोपरे फुटतात आणि बाजूचं मूळ चित्र सोलायला लागतं. पट्टी नवी मिळते. चाळीस वर्षांपूर्वीचं छापील चित्र मिळत नाही.

दुरुस्ती कशी करायची?

• आधी प्लग काढा. पिक्चर ट्यूबला हात लावू नका. मशिन बंद असलं तरी तिच्यात घातक व्होल्टेज साठून राहू शकतं.

• जुनी पट्टी हळूहळू काढा. एक तुकडा मापासाठी ठेवा. पाऊण इंच, म्हणजे सुतारांच्या भाषेत सहा सूत, हे माप सर्रास दिसतं. पण पाच सुताचे बोर्डही असतात. अंदाजानं मागवू नका.

• खाच ब्रशनं साफ करा. ती किंचितच सैल असेल, तर दांड्यावर मास्किंग टेपचा एक थर किंवा थोड्या थोड्या अंतरावर हॉट ग्लूचे ठिपके पुरतात.

• खाच ढासळली असेल, तर ती दोन भागांच्या इपॉक्सीनं भरा. पूर्ण वाळली की घासून सपाट करा आणि राउटरनं नवी खाच पाडा. ती बरोबर मध्यावर हवी. नाहीतर पट्टी एका बाजूला बाहेर येते.

• नवी पट्टी उन्हात किंवा हेअर ड्रायरनं कोमट करा. खालून, सांधा दिसणार नाही तिथून सुरुवात करा आणि रबरी हातोडीनं ठोकत पुढे जा. वळणावर फक्त दांड्याला 'व्ही' आकाराचा काप द्या.

या चुका टाळा
पट्टी ताणून बसवू नका. ती नंतर आकसते आणि टोकाला फट पडते. लाकडाचा पांढरा गोंद प्लास्टिकला नीट धरत नाही. झटपट चिकटणारा गोंद इतका घट्ट धरू शकतो, की पुढच्या वेळी पट्टीसोबत बोर्डाचा पापुद्राही निघून येतो.

थोडक्यात, पट्टी बदलणं हे तासाभराचं काम असू शकतं. खाच दुरुस्त करायला इपॉक्सी वाळण्यासह एखादा दिवस जातो. तो दिवस वाचवायला गेलं, तर आठवड्याभरानं पट्टी पुन्हा हातात येते.