गवताचं सहा मजली घर

बालीतल्या आयुंग नदीवर राफ्टिंगसाठी जगभरातून लोक येतात. याच नदीकाठच्या उतारावर शर्मा स्प्रिंग्ज नावाचं एक घर उभं आहे. सहा मजली. खांब बांबूचे, तुळया बांबूच्या, वासे बांबूचे. आणि वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात बांबू म्हणजे गवत! ऊस आणि भाताचा चुलतभाऊ.

एवढा भार गवत पेलतं कसं? बांबूचा आडवा काप निरखून पाहावा. आत पोकळी. भिंतीतले धागे आतल्या अंगाला विरळ आणि सालीकडे जाताना दाट होत जाणारे. काठी वाकते तेव्हा सर्वांत जास्त ताण बाहेरच्या अंगावर येतो, आणि बळही नेमकं तिथंच साठवलेलं! अधूनमधून गाठी, त्यामुळे पोकळ नळी चेपत नाही. वाढ तर त्याहून अद्भुत. कोंब आयुष्यभराची जाडी घेऊनच मातीतून वर येतो, काही महिन्यांत पूर्ण उंची गाठतो आणि पुढची तीन-चार वर्षं फक्त टणक होत राहतो. मग तोडला तरी बेट जिवंतच असतं. पुढच्या पावसाळ्यात नवे कोंब तयार.

बांबूचे शत्रू दोन, कीड आणि पाणी. भुंगेरे येतात ते त्यातल्या पिष्टासाठी. म्हणून काठ्यांच्या आतल्या गाठी भोसकून त्या बोरॉन क्षारांच्या द्रावणात भिजत ठेवतात; मग किड्यांना ते अन्न पचत नाही. पाण्यावरचा उपाय जुनाच आहे, पाय दगडावर आणि डोक्यावर लांब बाहेर आलेलं छप्पर.

मला सर्वांत जास्त मोह पडतो तो बांधण्याच्या रीतीचा. शर्मा स्प्रिंग्ज उभारणाऱ्या, एलोरा हार्डी यांनी 2010 साली सुरू केलेल्या इबुकू या संस्थेत आधी बांबूच्याच बारीक काड्यांची, घराची प्रतिकृती करतात. कारागीर तिच्यावरून मापं घेत घर उभं करतात. दोन काठ्या कधीच सारख्या नसतात. एखादी वाकडी असेल तर तिचा बाक जिथे शोभेल तिथे ती बसवायची. यंत्राला न जमणारी ही नजर आहे, आणि आपल्या बुरुडांकडे ती पिढ्यान्‌पिढ्या आहे.

सिंधुदुर्गातला माणगा बांबू तर जवळजवळ भरीव आणि बिनकाट्याचा. 2017 साली वन कायद्यात दुरुस्ती झाली आणि वनक्षेत्राबाहेरचा बांबू 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला; म्हणजे तो तोडायला वन कायद्याची आडकाठी राहिली नाही. असं बेट परसात असताना कोकणातली पर्यटक निवासं सिमेंटचे डबे का व्हावीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मात्र बालीची नक्कल इथे चालणार नाही. कोकणातला पाऊस 3000 मिलिमीटरच्या आसपास, तोही बहुतेक चार महिन्यांत आणि वाऱ्याबरोबर तिरका झोडपणारा. इथे जोतं चांगलं उंच हवं, पश्चिमेची बाजू झडपांनी झाकायला हवी आणि पागोळ्या खांबांपासून पुष्कळ लांब पडायला हव्यात.