बर्फावरची स्कूटर आणि डोंगरातला एक दिवस

स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावरची स्कूटर, चालवायला शिकणं हा तिच्यावरच्या दिवसभराच्या सहलीतला सगळ्यात सोपा भाग. वाशीम-मंगरुळपीर रस्त्यावर गिअर नसलेली स्कूटर चालवलेल्या माणसाला ते दहा-पंधरा मिनिटांत जमतं. अवघड असतं ते वेगळंच. दिवसभर एका रांगेत, पुढच्याने पाडलेल्या चाकोरीतूनच जायचं. गाईड थांबेल तिथे थांबायचं आणि तो निघेल तेव्हाच निघायचं. सिग्नल हिरवा होण्याआधी हॉर्न वाजवणाऱ्या आपल्यासारख्यांना खरी मेहनत पडते ती इथे.

बर्फावरची स्कूटर म्हटलं की आपल्याकडच्या बहुतेकांना गुलमर्ग किंवा मनालीजवळचं सोलांग आठवतं. तिथे बहुधा स्थानिक चालक पुढे बसतो, आपण मागे, आणि थोड्या वेळात फेरी संपते. इथे लिहितोय ते स्वालबार्डबद्दल. नॉर्वेची मुख्यभूमी आणि उत्तर ध्रुव यांच्या साधारण मधोमध हा द्वीपसमूह आहे. त्याचं मुख्य गाव लाँगयिअरब्येन ७८ अंश उत्तर अक्षांशावर आहे, तर आपलं वाशीम २० अंशांवर. गावाची वस्ती अडीच हजारांच्या आसपास. गावातले रस्ते गावाच्या वेशीजवळच संपतात. एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत जाणारा रस्ताच नाही. हिवाळ्यात त्यापुढे जायचं तर स्नोमोबाइल, कुत्र्यांची गाडी किंवा पायाला बांधलेल्या स्की, हेच मुख्य पर्याय. त्यामुळे तिथल्या लोकांसाठी ही स्कूटर रोजच्या वापरातली गाडी आहे. खेळणं आहे ती फक्त पाहुण्यांसाठी.

भारताचं या बेटांशी नातं बरंच जुनं आहे. स्वालबार्डचा करार ९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिसमध्ये झाला, आणि त्यावर ब्रिटनने भारताच्या वतीनेही सही केली. आज लाँगयिअरब्येनच्या वायव्येला, नी-ओलेसुंड या संशोधकांच्या वस्तीत, भारताचं ‘हिमाद्री’ हे केंद्र आहे. त्याचा कारभार गोव्यातल्या वास्कोमधून, राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतो. हिमाद्री सुरू झालं १ जुलै २००८ रोजी. अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला. दोन्हींचा वाढदिवस एकच, हा निव्वळ योगायोग, पण वाशीमकराने तो सांगितल्याशिवाय राहू नये. डिसेंबर २०२३ पासून भारतीय शास्त्रज्ञ ध्रुवीय रात्रीच्या अंधारातही तिथे काम करू लागले आहेत. नी-ओलेसुंड मात्र एका दिवसाच्या सहलीत बसत नाही.

प्रवासाचं थोडक्यात. नागपूर किंवा मुंबई गाठून पुढे ऑस्लो, आणि ऑस्लोहून थेट विमानाने तीनेक तास. मेख आहे ती व्हिसात. स्वालबार्डला जायला व्हिसा लागत नाही, पण तिथे पोचायची वाट नॉर्वेतून जाते आणि नॉर्वे ‘शेंगेन’ या सामायिक व्हिसाच्या युरोपीय क्षेत्रात आहे. स्वालबार्ड शेंगेनच्या बाहेर. म्हणजे बेटावर गेलात की शेंगेनमधून बाहेर पडलात आणि परतताना पुन्हा आत शिरलात. म्हणून किमान दोनदा प्रवेशाचा व्हिसा हवा. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असला तर परतीची वाट बंद. स्नोमोबाइल स्वतः चालवायची असेल तर वय १८ पूर्ण आणि कारचा वैध परवाना लागतो. मूळ परवाना खिशात ठेवायचा, मोबाइलमधला फोटो चालत नाही. परवाना नसेल तर मागच्या सीटवर बसायचं. भारतीय परवाना चालेल का, सोबत आंतरराष्ट्रीय परवाना हवा का, हे सहल घेणाऱ्या कंपनीकडून आधीच लेखी विचारून घ्यावं.

कधी जायचं? लाँगयिअरब्येनला ऑक्टोबरच्या अखेरीला सूर्य क्षितिजाखाली जातो तो फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत वर येत नाही. त्यानंतरही डोंगर आडवे येतात, त्यामुळे गावात ऊन पडायला ८ मार्च उजाडतो. त्या दिवशी जुन्या इस्पितळाच्या पायऱ्यांवर पहिली किरणं येतात आणि गावात सोहळा होतो. अंधार सरत येतो तेव्हाचे काही आठवडे फक्त निळसर संधिप्रकाश. टिळकांनी १९०३ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ या ग्रंथात वेदांतल्या उषेच्या वर्णनांवरून जो युक्तिवाद मांडला, तो ध्रुवाकडच्या या लांबलचक पहाटेवरच उभा आहे. त्यांचा निष्कर्ष पटो न पटो, फेब्रुवारीत तिथे असलो की त्यांना काय दिसत असावं हे कळतं. सहलीसाठी मात्र मार्च आणि एप्रिल उत्तम. आपल्याकडे हरभरा घरात येत असतो तेव्हा तिथे दिवस भराभर मोठे होत जातात, आणि २० एप्रिलच्या सुमारास सूर्य मावळायचाच थांबतो.

कपड्यांवर थोडा वेळ घालवावा लागेल, कारण पहिल्यांदा जाणाऱ्याचा दिवस खराब होतो तो बहुधा इथेच. अंगाला लागून सुती कपडा नको, अगदी बनियनही नको. सुती कापड घाम शोषतं, ओलं राहतं आणि थांबलं की अंगातली ऊब खेचून घेतं. आत पातळ लोकरीचा थर, त्यावर जाड लोकर किंवा फ्लीस, आणि वर कंपनीने दिलेला अंगभर सूट. बूट, जाड हातमोजे, डोकं-मान झाकणारी टोपी, गॉगल, हेल्मेट हेही कंपनीच देते. बूट एक माप मोठेच मागावेत. दोन मोजे कोंबून घट्ट केलेल्या बुटात रक्त नीट फिरत नाही आणि बोटं आधी गारठतात.

वाऱ्याचं गणितही समजून घ्यायला हवं. हवा उणे १५ अंश आहे आणि तुम्ही ताशी ६० किलोमीटरने जाताय, तर उघड्या कातडीला ती हवा उणे ३० सारखी लागते. गॉगल आणि टोपी यांच्यामध्ये बोटभर फट राहिली तरी गालावर तेवढाच पांढरा डाग उठतो. ती हिमदंशाची सुरुवात, आणि ज्याला होते त्याला ती कळत नाही, कारण ती जागा बधिर झालेली असते. म्हणून प्रत्येक थांब्यावर गाईड सगळ्यांचे चेहरे जवळून पाहतो. डाग दिसला तर उबदार हात त्यावर नुसता धरून ठेवायचा. चोळायचा नाही.

आता यंत्र. पुढे दोन स्की, मागे दातेरी रबरी पट्टा. इंजिनाची ताकद व्ही आकाराच्या बेल्टवरून दोन पुल्यांमार्फत पट्ट्याला मिळते. वेग वाढला की पुल्यांचा व्यास आपोआप बदलतो. आपल्या बिनगिअरच्या स्कूटरमध्ये हीच रचना असते, म्हणून ती येते त्याला हीही येते. फरक एवढाच की रेस मनगटाने पिळायची नाही, उजव्या अंगठ्याने दाबायची. ब्रेक डाव्या हाताला. मुठी आतून गरम होतात. एक दोरी चालकाच्या सुटाला अडकवलेली असते. चालक पडला की ती सुटते आणि इंजिन बंद पडतं. ही दोरी न लावता निघणं म्हणजे मूर्खपणा. माणूस पडला, रेस अडकली आणि अडीचशे-तीनशे किलोची गाडी एकटीच पुढे गेली, असं व्हायला वेळ लागत नाही.

या गाडीचा आधुनिक अवतार कॅनडातल्या जोसेफ-आर्मां बोंबार्डिए यांच्या नावावर आहे. १९३४ च्या हिवाळ्यात रस्ते बर्फाने बंद होते, त्यांच्या आजारी मुलाला इस्पितळात नेता आलं नाही आणि तो गेला. बर्फावरून चालणारं वाहन बनवण्याची त्यांची खटपट त्याआधीपासून चालू होती. पुढे ती थांबली नाही. एका-दोघांना नेणारी हलकी ‘स्की-डू’ बाजारात आली ती १९५९ साली.

सपाटीवर गाडी सरळ जाते. खरी कसोटी आडव्या उतारावर लागते. डोंगर उजवीकडे असेल तर गाडी डावीकडे घसरू पाहते. तेव्हा गुडघे वाकवून अंगाचं वजन डोंगराच्या बाजूला टाकायचं. मागे बसलेल्यानेही चालकाबरोबर त्याच बाजूला झुकायचं. मागचा घाबरून उलट बाजूला कलला की गाडी उलटते. बहुतेक पडझडीचं कारण एवढंच असतं. गाडी कलंडू लागली तर पाय बाहेर टेकवून सावरायचा मोह आवरायचा. तीनशे किलोखाली पाय जाण्यापेक्षा गाडी सोडून मऊ बर्फात पडलेलं बरं. चढावर रेस मध्येच सोडायची नाही, सोडली की पट्टा भुसभुशीत बर्फात रुततो. मग सगळ्यांनी उतरून बर्फ तुडवायचा आणि गाडी ओढायची.

रांगेचे नियम मोजकेच. पुढच्या गाडीपासून चाळीस-पन्नास मीटर अंतर. हात वर केला म्हणजे थांबा, आणि तो इशारा आपणही मागच्याला द्यायचा. अधूनमधून मान वळवून मागचा दिसतोय का पाहायचं. दिसत नसेल तर थांबायचं, म्हणजे पुढचाही थांबतो आणि शेवटी गाईडपर्यंत निरोप आपोआप पोचतो. आणि चाकोरी सोडायची नाही. शेजारचा कोवळा बर्फ कितीही बोलावत असला, तरी त्याखाली दगड आहे, ओढा आहे की हिमनदीची भेग, हे आपल्याला दिसत नसतं. हिमनदीवरच्या भेगांवर बर्फाचे पूल तयार होतात. गाईड नेतो ती वाट त्याने पारखलेली असते, दहा मीटरवरची नसते.

हिमस्खलन हा त्याहून मोठा धोका. तीस अंशांहून जास्त कलाच्या उतारावर साचलेला बर्फ सुटतो, म्हणून गाईडची नजर वाटेपेक्षा वरच्या उतारांकडे जास्त असते. नॉर्वेचा अधिकृत स्खलन-अंदाज एक ते पाच अशा पायऱ्यांत येतो. तो वाचूनच सकाळी वाट ठरते किंवा बदलते. १९ डिसेंबर २०१५ ला खुद्द लाँगयिअरब्येनमध्ये घरांवर हिमलोट आला आणि दोन जीव गेले. फेब्रुवारी २०२० मध्ये बॅरेन्ट्सबर्ग या वस्तीजवळच्या हिमनदीवर गाईडसोबत स्नोमोबाइलने गेलेले दोन पर्यटक दगावले. म्हणजे गाईड असला की धोका संपतो असं नाही. संशयास्पद उताराखालून एकेक गाडी जाते, बाकीच्या सुरक्षित जागी थांबतात. छातीवर बांधलेलं संदेशयंत्र, फावडं आणि लांब सळई हे सामान शोधासाठी असतं. निघण्यापूर्वी प्रत्येकाचं यंत्र चालू असल्याची खात्री केली जाते. ते कपड्यांच्या आत राहू द्यायचं, मोबाइलपासून लांब.

गाईडच्या पाठीवरची रायफल पाहून पहिल्यांदा सगळेच गप्प होतात. वस्तीबाहेर ध्रुवीय अस्वल कुठेही भेटू शकतं, म्हणून ते पळवून लावायचं साधन जवळ हवंच असा कायदा आहे. पहिलं हत्यार आवाज आणि उजेड करणारं पिस्तूल. रायफल अगदी शेवटी. अस्वलाच्या मागे जाणं, त्याला शोधत फिरणं गुन्हा आहे. २०२५ पासून त्याच्यापासून किमान ३०० मीटर अंतर ठेवावं लागतं, आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर. म्हणजे नेमक्या स्नोमोबाइलच्या हंगामात अस्वल दिसलंच तर ते दुर्बिणीतला पिवळट ठिपका असणार. अस्वलाचा फोटो मिळेल म्हणून जाणाऱ्याने ताडोबाचं तिकीट काढावं. निदान वाघ तरी जवळून दिसेल.

लोकप्रिय वाट पूर्वेकडच्या किनाऱ्याची. येऊन-जाऊन दीडशे ते दोनशे किलोमीटर, आठ-दहा तास. गावाबाहेर पडलं की आडव्हेंटडालेनची रुंद दरी लागते. उजवीकडच्या डोंगरात सात नंबरची कोळसाखाण. ज्या कोळशासाठी गाव वसलं त्यातली ही शेवटची नॉर्वेजियन खाण २०२५ मध्ये बंद झाली. दरीत आखूड पायांची स्वालबार्डी रेनडियर बर्फ उकरत चरताना दिसतात. त्यांच्याजवळून वेग कमी करून जायचं, कारण हिवाळ्यात पळताना त्यांची साठवलेली चरबी खर्च होते. पुढे सासेनडालेनची दरी, मग हिमनदीवरचा चढ, आणि पलीकडे उतरून मोनबुक्ताच्या उपसागरावर हिमनदीची निळी भिंत. भिंतीच्या जवळ जायचं नाही, ती केव्हाही ढासळते. समुद्रावर गोठलेल्या बर्फावर गाडी घालण्याचे नियमही आता कडक आहेत. काही फ्योर्डांमध्ये, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या खाड्यांमध्ये, १ मार्चनंतर मोटार-वाहनांना मनाई आहे, कारण सील तिथे पिल्लं घालतात आणि अस्वलं तिथेच शिकार करतात.

वाटेत ढग उतरले तर आकाश आणि जमीन एकच पांढरी होते. सावली नाही, म्हणून खड्डा नाही की उंचवटा नाही. गाडी उभी आहे की चालतेय हेही कधी कळत नाही. अशा वेळी गाईड पुढच्या गाडीच्या लाल दिव्यावर नजर ठेवायला सांगतो.

जेवण म्हणजे वाळवलेल्या अन्नाच्या पाकिटात थर्मासमधलं उकळतं पाणी. शाकाहारी पाकीट मिळतं, पण आगाऊ सांगावं लागतं. शिरपूरच्या जैन मंदिरात नेमाने जाणाऱ्या, कांदा-लसूण वर्ज्य असणाऱ्या घरातल्यांनी दशम्या आणि डिंकाचे लाडू सोबत न्यावेत. मात्र सुटाच्या आतल्या खिशात, नाहीतर लाडू फोडायला गाईडचं फावडं मागायची वेळ येईल.

बर्फ पाहायला पेट्रोल जाळत जायचं, तेही पृथ्वीवर सर्वांत झपाट्याने तापणाऱ्या जागांपैकी एका ठिकाणी, ही विसंगती लपण्यासारखी नाही. विजेवर चालणाऱ्या स्नोमोबाइल निघाल्या आहेत, पण थंडीत बॅटरी लवकर उतरते आणि लांबच्या पल्ल्याला त्या अजून पुरत नाहीत. ज्याला हे टोचतं त्याने कुत्र्यांची गाडी निवडावी. अंतर कमी कापलं जातं, पण कानांना शांतता मिळते.

परतल्यावर गाडी तपासली जाते. स्की वाकली, काच फुटली तर ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च चालकाच्या अंगावर येतो. तो आकडा सही करण्याआधी वाचावा. प्रवासविम्यात स्नोमोबाइल आणि विमानाने रुग्ण हलवण्याचा खर्च धरला आहे का तेही पाहावं, कारण गावात इस्पितळ छोटंच आहे आणि गंभीर रुग्ण मुख्यभूमीवरच्या ट्रॉम्सोला न्यावा लागतो. वारा वाढला किंवा स्खलनाचा अंदाज बिघडला तर गाईड सकाळीच सहल रद्द करतो. तिथे त्याच्याशी हुज्जत घालून उपयोग नसतो. म्हणून सहल मुक्कामाच्या पहिल्याच मोकळ्या दिवशी ठेवावी आणि परतीच्या विमानाआधी एक दिवस रिकामा राखावा.