मोजून सोडलेली जागा

नसरीन मोहमदी यांच्या चित्रांना नावं नाहीत, बहुतेकांवर तारखाही नाहीत. सत्तरच्या दशकातल्या त्यांच्या कामात रंग नाही, माणूस नाही, झाड नाही. पांढरा कागद, काळी शाई, पेन्सिल आणि पट्टी, एवढाच संसार.

१९३७ साली कराचीत जन्म, बालपणीच मुंबई, मग लंडनच्या सेंट मार्टिन्समध्ये आणि पुढे पॅरिसमध्ये कलाशिक्षण. मुंबईला भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये गायतोंडे, तय्यब मेहता या चित्रकारांचा सहवास लाभला. सुरुवातीला त्याही सैल हातानं ब्रश चालवत. झाडाझुडपांचे भास कागदावर उमटत. मग एकेक गोष्ट गळत गेली. १९७२ पासून त्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकवू लागल्या आणि त्याच काळात ब्रशच्या जागी आर्किटेक्टची आरेखनाची साधनं आली.

या काळातलं एखादं चित्र अगदी जवळून पाहावं. आडव्या रेघा, एकीखाली एक. मधलं अंतर किंचित वाढतं, पुन्हा घटतं. रेघा दाटल्या की शाई काळीच असूनही डोळ्याला राखाडी पट्टा दिसतो; विरळ झाल्या की कागद उजळतो. एखादी तिरकी रेघ आरपार गेली की सपाट कागदच कलल्यासारखा वाटतो. पाहताना मागावरचा ताणा आठवतो, आणि मागावरच्या धाग्यांचे फोटो नसरीन यांनी खरोखरच काढले होते. किहीमचा किनारा, फत्तेपूर सिक्री, रस्त्यावरचे पट्टे हेही त्यांच्या कॅमेऱ्यानं टिपलं. ही कृष्णधवल छायाचित्रं मात्र त्यांनी हयातीत कधी प्रदर्शनात मांडली नाहीत.

रंगात चूक झाली तर वरून दुसरा थर देता येतो. शाईच्या रेघेला ती सोय नाही. हात अडखळला की कागद वाया. पुढे मज्जासंस्थेच्या आजारानं शरीराच्या हालचालींवरचा ताबा सुटत गेला, तरी त्यांची रेघ ढळली नाही. १९९० मध्ये किहीमला त्यांचं निधन झालं. तोवर त्यांचं नाव जाणकारांपुरतंच होतं. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन म्युझियमनं ‘मेट ब्रॉयर’ हे दालन उघडलं, तेव्हाच्या पहिल्या प्रदर्शनांत एक त्यांचं होतं.

हल्ली भरपूर कोरी जागा सोडली की ‘मिनिमल’ डिझाइन झालं, असं समजतात. नसरीन यांच्याकडे ती जागाही मोजून सोडलेली असते. त्यांच्या चित्रातली एकच रेघ मनातल्या मनात पुसून पाहा: शेजारच्या दोघींमधलं अंतर बिघडतं आणि सगळा तोल जातो. कमी ठेवायचं, तर जे ठेवलं त्यातलं काहीच काढता येऊ नये, इतकी कडक ही शिस्त आहे.