पाचोळा कोणाचा, पैसे कशाचे?

फेब्रुवारी लागला की पुण्यात पानगळ जोर धरते. पिंपळ, शिरीष, सोनमोहर, देशी बदाम यांच्या पानांचे ढीग सोसायट्यांच्या आवारात साचू लागतात आणि त्यासोबत एक तक्रारही हमखास ऐकू येते. 'कचरा न्यायला येणाऱ्या ताई पाचोळा घेतच नाहीत, मग दर महिन्याला पैसे कशाचे द्यायचे?' ही तक्रार करणारी माणसं अप्रामाणिक नसतात. त्यांना त्या पैशांचा हिशोब कोणी नीट सांगितलेला नसतो, इतकंच.

पुण्यात 2008 पासून कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदारचा कचरा गोळा करते. तिच्यामागे 1993 साली उभ्या राहिलेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीचं काम आहे. या व्यवस्थेत कचरा उचलणाऱ्याला महापालिकेचा पगार नसतो. आपण महिन्याला जे शुल्क देतो तीच त्यांची मजुरी, आणि सुक्या कचऱ्यातला कागद, प्लॅस्टिक, पत्रा विकून मिळेल ती वरची कमाई. घरातल्या रोजच्या ओल्या आणि सुक्या कचऱ्यासाठी हे शुल्क आहे. आता या हिशोबात पाचोळ्याची दहा पोती घालून पाहा. ढकलगाडी एका बंगल्यातच भरून जाते, पुढच्या घरांचा कचरा तसाच राहतो आणि त्या पोत्यांतून विकण्याजोगं काहीही निघत नाही. 'पैसे दिलेत, तर काय टाकेन ते न्यायचं' असं म्हणणं म्हणजे एका कामाच्या मजुरीत दुसरं काम करून घेणं. मला ते अन्यायाचं वाटतं.

यावर उत्तर येतं, की घरपट्टीत सफाईचे पैसे भरतो, शिवाय वृक्षकरही भरतो, मग झाडाची पानं महापालिकेनेच उचलायला हवीत. वृक्षकराची तरतूद महाराष्ट्राच्या 1975 च्या नागरी वृक्षसंरक्षण कायद्यातली आहे आणि तिचा हेतू झाडं लावणं, जपणं हा आहे. तुमच्या अंगणात पडलेल्या पानांशी त्याचा संबंध नाही. केंद्र सरकारच्या 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी तर हे अगदी स्पष्ट करून ठेवलं. बागेचा कचरा ज्याच्या आवारात निर्माण होतो त्याने तो वेगळा काढायचा, आपल्याच आवारात ठेवायचा आणि स्थानिक संस्था सांगेल त्याप्रमाणे त्याची विल्हेवाट लावायची. त्याच नियमांनी कचरा निर्माण करणाऱ्या प्रत्येकाला शुल्कही लागू केलं आणि ते किती असावं हे स्थानिक संस्थांच्या उपविधींवर सोडलं. म्हणून पुण्याचा दर नाशिकला किंवा ठाण्याला लागू होत नाही. आपल्या शहरात पाचोळा आणि फांद्या वेगळ्या उचलल्या जातात का, कोणत्या दिवशी आणि किती पैशांत, हे प्रभागाच्या आरोग्य कोठीत विचारलेलं बरं.

रस्त्यावरच्या आणि सार्वजनिक बागांमधल्या झाडांचा पाचोळा मात्र महापालिकेचाच. तो शक्य तिथे बागेतच जिरवावा, असंही 2016 च्या नियमांत होतं. तिथे तक्रार करायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे आणि तो जरूर वापरा.

पाचोळा कुजतो, म्हणजे तो ओला कचरा, असं समजून पुष्कळजण तो स्वयंपाकघरातल्या उरल्यासुरल्या अन्नाच्या बादलीत कोंबतात. पण ओल्या कचऱ्यासोबत तो बायोगॅसच्या टाकीत गेला, तर काटक्या आणि वाळलेल्या पानांतलं लिग्निन तिथे जवळजवळ पचतच नाही. म्हणूनच तो वेगळा ठेवायला सांगतात.

सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत घातक समज म्हणजे जाळण्याचा. 'झाडाचंच आहे, त्यात काय विषारी असणार, आणि राख झाडांनाच घालायची.' अर्धवट जळणाऱ्या ओलसर पानांतून कार्बन मोनॉक्साइड आणि फुप्फुसात खोल जाणारे अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात. थंडीतल्या सकाळी जमिनीलगतची हवा गार आणि जड असते, त्यामुळे धूर वर न जाता शाळेला निघालेल्या मुलांच्या उंचीवरच रेंगाळतो. दम्याच्या माणसाला त्या धुराची किंमत विचारा. राखेत थोडं पोटॅश आणि चुना उरतो, पण पानातला नत्र आणि सेंद्रिय कर्ब, म्हणजे मातीला जे खरोखर हवं असतं ते, धुरातून निघून गेलेलं असतं. राष्ट्रीय हरित लवादाने 22 डिसेंबर 2016 रोजी अलमित्रा पटेल यांच्या खटल्यात उघड्यावर कचरा जाळण्यावर देशभर संपूर्ण बंदी घातली. साध्या प्रकाराला 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणात जाळल्यास 25,000 रुपये भरपाई ठरवली. 'माझ्याच अंगणात जाळला' हा बचाव त्यापुढे टिकत नाही.

मग करायचं काय? खत. इथे लोक हमखास म्हणतात, 'वास येतो, उंदीर होतात, आणि वर्षभर पानं तशीच राहतात.' नुसत्या पाचोळ्याला वास येत नाही. वास येतो तो हवा न मिळालेल्या, चिकट झालेल्या ओल्या ढिगाला. उंदीर येतात शिजलेल्या अन्नासाठी. ते ढिगात घालू नका. पानं न कुजण्याचं कारणही साधं आहे. सूक्ष्मजीवांना कर्ब आणि नत्र साधारण 25 ते 30 ला एक या प्रमाणात लागतात, आणि सुक्या पानांत कर्बाचं प्रमाण 40 ते 80 पट असतं. नत्राची ही तूट शेणपाण्याने, भाजीच्या देठांनी किंवा ताज्या कापलेल्या गवताने भरून निघते. तारेच्या जाळीचा गोल पिंजरा करायचा, पानं पायाने चुरून थरांनी भरायची, मधूनमधून शेणपाणी शिंपडायचं. ओल पिळलेल्या फडक्याइतकी असावी. पंधरवड्याने ढीग वरखाली केला की हवा मिळते. पावसाळ्यात वरून झाकण हवं. पातळ पानांचं काही महिन्यांत काळं, भुसभुशीत खत होतं. आंबा-फणसाची जाड पानं जास्त वेळ घेतात, ती चुरूनच घालावीत. ढीग भराभर बसतो, त्यामुळे जागा पुरणार नाही ही भीतीही पहिल्या महिन्यातच जाते.

एवढंही जमत नसेल तर पानं झाडांच्या बुंध्याशी वीतभर पसरा, फक्त खोडाला टेकू देऊ नका. उन्हाळ्यात माती ओली राहते आणि पाणी कमी लागतं. नारळाच्या झावळ्यांचे हीर काढून खराटे होतात. आणि अंगणच नसलेल्यांसाठी पुण्यात 2016 पासून 'ब्राउन लीफ' हा नागरिकांचा उपक्रम आहे. ज्यांच्याकडे पाचोळा जास्त आहे त्यांची, पाचोळा हवा असलेल्या बागवाल्यांशी हा उपक्रम गाठ घालून देतो. गच्चीवर बाग करणारे लोक पोतीच्या पोती मागून नेतात, यावरून पाचोळ्याची खरी किंमत कळते.

गांडूळखत प्रकल्प असलेल्या मिळकतींना पुणे महापालिका मिळकतकरात सवलत देते. मात्र खड्डा बांधून ठेवला की सवलत कायमची मिळाली, असं नव्हे. प्रकल्प चालू असला पाहिजे.

फांद्यांची गोष्ट वेगळी. झाड आपल्या आवारातलं असलं तरी 1975 च्या कायद्याने ते तोडायला किंवा इजा होईल असं छाटायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. अर्ज करतानाच छाटलेल्या फांद्या कोण उचलणार आणि त्याचे पैसे कोण देणार, हे लिहून घ्या. पुष्कळदा छाटणी करणारा माणूस 'टेंपो लावून देतो' म्हणतो, आपण पैसे देतो आणि विसरून जातो. तो टेंपो नदीकाठी किंवा ओढ्यात रिकामा झाला, तर कचरा तुमचाच आहे. ओढ्या-नाल्यांत आणि मोकळ्या जागेत कचरा टाकायला 2016 च्या त्याच नियमांत मनाई होती. म्हणून टेंपो निघण्याआधी तो कुठे रिकामा होणार हे विचारा, आणि तिथली पावती आल्यावरच भाडं चुकतं करा.